एकशेवीस सेंटिमीटरच्या आत

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आले बाई एकदाची हॉर्नसीला! शेफिल्डहून निघालेल्या टेम्पोवाल्याने वाटेत दोनदा चहाला थांबून आणि माझं डोकं खाऊन दुपारी दोनला सामान दारात उतरवलं. जिना अरुंद आहे, पण घर झकास. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, त्यामुळे पायाखालची जमीन कायम कोमट. मागच्या खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे मान तिरकी केली तर. जाहिरातीत मान तिरकी करण्याचं लिहिलं नव्हतं, पण चालायचंच. संध्याकाळी कोपऱ्यावरून मासा आणि चिप्स आणले, सढळ हाताने व्हिनेगर ओतलं आणि खोक्यावर बसून खाल्ले. दोन वर्षांत पहिल्यांदाच पुड्यातलं सगळं संपवलं.

शेफिल्डच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, रोज थोडं लिहीत जा, कॉरिन. तर लिहितेय. घर नवं, वही नवी. जुनं एकच बरोबर आणलंय, ब्रायनीचा चेलो. पायांमध्ये धरून वाजवायचं ते थोरलं व्हायोलिन. तिचे कपडे, पुस्तकं, सायकल, पलंग, सगळं मी दोन वर्षांत ऑनलाइन विकून टाकलं. सात वर्षांच्या मुलीचं किती सामान असतं म्हणून सांगू! पार्सल बांधण्यात आता माझा हात धरणारं कोणी नाही. आणि काल चेलोही विकला गेला. कंब्रियातल्या मिस्टर थ्वेटनी त्यांच्या एल्स्पेथसाठी घेतला, ती आठ वर्षांची आहे आणि डिसेंबरात तिच्या शाळेचा कार्यक्रम आहे. हा गेला की संपलं. उद्या बांधते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बांधला. मुलांचे चेलो मापाने येतात, पाव, अर्धा, पाऊण आणि मग पूर्ण. मूल वाढलं की चेलो बदलायचा. हा अर्धा. आधी बुडबुड्यांचं प्लॅस्टिक, मग जुनी चादर, मग जाड पुठ्ठ्याचं लांब खोकं. उचलायला दोन्ही बाजूंना हात घालायची भोकं आहेत. चारही बाजूंना 'नाजूक' लिहिलं. ते वाचून कुरियरवाले आणखी जोरात आपटतात हे ठाऊक आहे, तरी लिहिलं. लांबी एकशेबारा सेंटिमीटर, वजन नऊ किलो. तीनदा मोजलं. काउंटरवर एकशेवीसपर्यंत घेतात. साइटवर माप भरलं, लेबल छापलं, चिकटवलं.

आज पाच नोव्हेंबरच्या शेकोट्यांची रात्र, सगळीकडे फटाके उडतायत. ब्रायनीला फटाके आवडायचे नाहीत, कानावर उशी घेऊन बसायची. असो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

इथलं पार्सलांचं काउंटर पाळीव प्राण्यांच्या दुकानात आहे. सशांचा चारा, कुत्र्यांची बिस्किटं, गिनीपिगांचे पिंजरे, आणि त्यांच्यामध्ये डोरीन. साठीची, जाडजूड, गळ्यात चष्मा, जगातल्या प्रत्येकाला राणी म्हणणारी. तिच्याकडे पिवळी रंगवलेली लाकडी चौकट आहे. तीत खोकं बसलं तर घेणार, नाही बसलं तर परत. साइटवर तुम्ही काय वाट्टेल ते भरा, चौकट ऐकत नाही म्हणाली.

नाही बसलं. डोरीनने टेप लावून मोजलं तर एकशेएकवीस! मी म्हटलं, अहो, घरी एकशेबारा होतं. ती म्हणाली, राणी, घरी सगळ्यांचंच कमी भरतं, माझ्या नवऱ्याचं वजनसुद्धा. मागे रांगेत उभ्या म्हाताऱ्याला हसू आवरेना. एक सेंटिमीटरसाठी माणूस एवढं अडून बसतं? पण गोदामातलं मशीन खोकं परत फेकतं, मग विकणारेच माझ्या नावाने खडे फोडतात, असं तिचं म्हणणं.

चूक माझीच असणार. आतल्या चादरीमुळे टोकं फुगली असतील. शनिवारी पुन्हा बांधून नेते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

चादर काढली. टोकं दाबून टेप मारला. घरी मोजलं तेव्हाच एकशेएकवीस भरलं. चादर काढूनही! मला वाटलं टेपच चुकीचा आहे, म्हणून तसंच नेलं. डोरीनच्या इथे एकशेपंचवीस.

ती म्हणाली, दर वेळी नवं खोकं कशाला आणतेस, राणी, पहिलंच कापून लहान कर ना. नवं नाही हो, तेच आहे म्हटलं. टेपचा वाकडा जोड माझा, 'नाजूक'मधला ओघळलेला जू माझा. तिने खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जाताना मला बिस्किट दिलं. माणसांचंच होतं, खात्री करून खाल्लं.

मिस्टर थ्वेटना कळवलं की कुरियरने घोळ घातलाय. आम्ही विकणारे नेहमी हेच कळवतो. त्यांचं लगेच उत्तर आलं, काही हरकत नाही, एल्स्पेथने चेलोसाठी पलंगाशेजारी जागा करून ठेवलीय.

सोमवार, १० नोव्हेंबर

पेट्रोलपंपावर दुसऱ्या कंपनीचं काउंटर आहे, तिथे दीडशेपर्यंत चालतं म्हणून त्यांचं लेबल घेतलं. ट्रॉलीवर बांधून, वाऱ्यात दीड मैल ढकलत नेलं. तिथल्या माणसाने काचेमागून मानच हलवली. कोठी भरलीय म्हणाला, ख्रिसमसची गर्दी, मोठं काही नको. मी पुष्कळ भांडले. तो म्हणाला, बाई, मी पेट्रोल विकतो.

घरी आणून रागारागाने खोकं फोडलं, म्हटलं आता मुळापासूनच बांधते.

आत पाऊण मापाचा चेलो आहे.

मी अर्धा बांधला होता. पावती आहे माझ्याकडे. हा पाऊण आहे, मानेवरचं पॉलिश बोटांनी झिजलेलं. तारांखाली गजाला लावतात त्या राळेची पांढरी धूळ. कोणीतरी रोज वाजवतंय हा. आणि शेजारी गाण्याची वही, मी ठेवलेली नव्हती. वर पेन्सिलीने नाव, अक्षरं जोडून, वळणदार: ब्रायनी.

माझ्या मुलीला जोडून लिहिता येत नव्हतं. ती सुटी सुटी अक्षरं काढायची, आणि बी उलटा. हे दहा वर्षांच्या मुलीचं अक्षर आहे.

ती असती तर नऊची असती. बसून मोजलं. तीनदा परत पाठवलं. सात, आठ, नऊ, दहा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

वेड लागलं असेल तर लागू दे, पण खात्री करायची होती. तसंच बांधलं आणि डोरीनकडे नेलं. एकशेएकतीस. परत.

घरी आणून उघडलं. वहीत नवी पानं. केसांचा रबर, त्यात दोन तपकिरी केस. ब्रायनीचे केस. वास घेतला. मी जमिनीवर बसून गुरासारखी रडले. खालच्या दुकानातल्या बाईने छताला दांडा ठोकला तेव्हा थांबले.

आता हे लिहायलाच हवं. तो चेलो तिच्यासाठी मोठा होता. तिला पाव मापाचा हवा होता. शिक्षिकेनेही सांगितलं होतं, पाव घ्या. पण मी घेतला अर्धा. सगळे पालक हेच करतात, बूट एक नंबर मोठा घ्या, कोट ढगळ घ्या, दोन वर्षं निघतील. तिची बोटं पोचेनात. रडायला लागली. मी खेकसले, मोठी हो आधी, मग वाजव, तोवर हात लावायचा नाही. सप्टेंबर होता. ऑक्टोबरात ताप आला, दोन दिवसांचा.

मोठी हो म्हटलं होतं मी. ती होतेय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज तीनदा गेले. सकाळी पंप, मग डोरीन, दुपारी पुन्हा पंप. आता मला नकारच हवा आहे. घेतो म्हणाले असते तर मी हातातून ओढून घेतलं असतं.

बारा: शाळेचा बिल्ला, बासरीवाल्या एका मुलाचं नाव खोडरबरावर कोरलेलं. मेले, आत्तापासून! तेरा: चेलो पूर्ण मापाचा. चौदा: ओठांना लावायची डबी, बसचा पास. पासवर फोटो आहे. माझं नाक. अरेरे, माझंच नाक घेतलं पोरीने. पण डोळे किती सुंदर. मी तो पास गळ्यात अडकवून झोपणार आहे.

मिस्टर थ्वेटचे दोन निरोप आलेत. उद्या बघते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पंधरा वर्षांची झाली तेव्हा मी खोकं उघडायचं थांबवलं. त्या वयाच्या मुलीच्या वस्तूंत आईने हात घातलेला आवडत नाही. शिवाय वजन आता चेलोचं नाही. बत्तीस किलो. ट्रॉली वाकते. भोकाशी हात नेला की आतून गरम हवा लागते. उघडलं आणि आत नुसता चेलोच निघाला तर? किंवा नुसता चेलो नसला तर? ज्या वस्तू मला द्यायच्या असतात त्या भोकातून बाहेर येतात. आज एक इअरफोन आला, एकाच कानाचा.

डोरीनकडे शिरले की गिनीपिग एका कोपऱ्यात गठ्ठा करून बसतात, पोपट गप्प होतो. आज तिने चौकट काढलीच नाही. मला मागच्या खोलीत नेलं, चाऱ्याच्या पोत्यावर बसवलं, दोन चमचे साखर घालून चहा दिला आणि विचारलं, राणी, तुझं कोण गेलं? मी सांगितलं. तिने माझा हात घट्ट धरला. तिचाही एक मुलगा, बोटीवर होता. मग म्हणाली, माझं ऐक, हे खोकं मी आता पुन्हा मोजणार नाही. तू मोजायला लावतेस आणि त्यातलं काय ते... म्हणाली, घरी ठेव, त्याच्याजवळ बस, बाहेर काढू नको.

मी तिला नाही नाही ते बोलले. तू कोण मला सांगणार म्हटलं. वाटेत पंपावर दोनदा नकार घेतला. सोळा, सतरा. पंपवाला म्हणाला, पुन्हा आलीस तर पोलिसांना बोलावीन.

शनिवार, १५ नोव्हेंबर

काउंटरं बंद झाली म्हणून काय झालं! घरी येऊन पार्सल नेणारेही असतात. चार वेगवेगळ्या कंपन्यांकडे बुकिंग केलं, मंगळवारचं. मुद्दाम माप कमी लिहिलं, शंभर सेंटिमीटर. दारात येतील, मोजतील, नाही म्हणतील. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. एकविसाव्या वाढदिवसाला केक आणीन.

मिस्टर थ्वेटनी सौदा मोडला. एल्स्पेथ खूप रडली म्हणे. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याची मात्र थोडी वाटली.

रविवार, १६ नोव्हेंबर

रविवारी कोणी येत नाही, कोणी नेत नाही. दिवसभर खोक्याला टेकून बसले. पाऊस होता. मी सगळं सांगितलं तिला, तिचे बाबा निघून गेल्याचं, घर विकल्याचं, सायकल नेणारी मुलगी कशी होती ते. मधूनच आतून बोटांनी टकटक यायची, मला कंटाळले नाही म्हणून सांगायला. मग ती गुणगुणायला लागली. आवाज बाईचा, खालच्या पट्टीतला. मला ते गाणं माहीत नव्हतं. तिला मला माहीत नसलेली गाणी येतात!

मी तिला सॉरी म्हटलं, त्या दिवशी ओरडले म्हणून. गुणगुणणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. इतकी सुखात मी दोन वर्षांत नव्हते.

सतरा पुष्कळ झालं. सतराव्या वर्षी मुली आईजवळ असतात. पुढे निघून जातात. डोरीन बरोबर होती. चारही बुकिंग रद्द करते उद्या.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रद्द होत नाहीत. फोन लावला की मशीन. साइटवर लिहिलं की मशीन. आपली अडचण समजली, माणसाशी जोडत आहोत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एकीकडे आकडा आला, रांगेत दोनशेबारावी. तीन तास कानाला फोन. कट झाला.

डोरीनकडे धावत गेले, माफी मागितली. तिने तिच्या ओळखीच्या ड्रायव्हरला फोन केला, तोही म्हणाला, एकदा यादीत आलं की यायलाच लागतं. ती म्हणाली, दार उघडू नको, राणी. आत बसून रहा. नाही उघडलं तर मोजणार कसे?

हो. बरोबर. दार उघडायचं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी ९.४०

पहिला आला. उघडलं नाही. बेल, थाप, मग दाराच्या फटीतून चिठ्ठी पडली. 'पार्सल नेता आलं नाही.'

दार नाही उघडलं तर तोही नकारच धरतात. मला कसं सुचलं नाही, मला कसं —

आत काहीतरी वळलं. एक वर्ष नाही. जास्त. काउंटरवर एक होतं, दारात — किती? का? भोकातून बाळाचा मोजा आला. लोकरीचा, अंगठ्याएवढा. माझ्या मुलीला बाळ झालंय. मी आजी झाले. कोणत्या वर्षी, मुलगा की मुलगी, काहीच —

११.१५

दुसरा. ओरडले, जाऊ नका, चिठ्ठी टाकू नका! टाकली. घाईत होता.

चष्मा आला भोकातून. वाचायचा. आतून खोकण्याचा आवाज. ती आता माझ्याहून मोठी आहे. मी तिला हाक मारली, बाळा म्हणून. तिने टकटक केली, पण हळू, खूप वेळाने.

सात ते सतरा मी वाट बघितली, ढकलत ढकलत नेलं, मजा बघितली. आणि आता तिचं सगळं आयुष्य माझ्या दारात — दोन चिठ्ठ्यांत —

१.०५

तिसऱ्याला मी खाली जाऊन गाठलं. पाया पडायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, घ्या. नका मोजू, फक्त स्कॅन करा, घेतलं म्हणा, हवं तर कोपऱ्यावर टाकून द्या, पण नाही म्हणू नका. चांगला होता बिचारा. वर आला. टेप लावला. एकशेचौसष्ट. सॉरी, लव्ह, यात शंभर लिहिलंय म्हणाला. मला आधार देऊन खुर्चीत बसवलं आणि —

चिठ्ठी.

खोकं वजनकाट्यावर ठेवलं. बत्तीस होतं, सकाळी एकेचाळीस. आता चौतीस. कमी होतंय.

१.३०

कात्री लावली. टेप कापत नाही. आतून धरून ठेवलाय. बघू नको म्हणतेय का मला? की मी बघू नये म्हणून —

डोरीनला फोन केला. दुकान बंद करून निघालीय. वीस मिनिटं म्हणाली.

चौथा दोन ते तीनमध्ये.

२.१०

भोकातून हात आला.

काही देण्यासाठी नाही. नुसता हात. पांढरा, सुरकुतलेला, मागे तपकिरी डाग, माझ्या आईचा असायचा तसा. मी धरला. थंड आहे. डाव्या हाताच्या बोटांना टोकाशी घट्टे, दगडासारखे. आयुष्यभर वाजवलंय तिने. सगळ्या मापांचे. पोचली बोटं, ब्रायनी. पोचली गं.

२.२०

ती गेली तेव्हा मी गाडी हलवायला खाली गेले होते. हॉस्पिटलच्या दारात लावली होती, माणूस ओरडत होता. दहा मिनिटं. तिने विचारलं होतं, आई कुठे चाललीस, आणि मी तिचा हात सोडवून —

डाव्या हाताने लिहितेय. उजवा तिच्याजवळ आहे.

२.३५

खाली गाडी थांबली. डोरीन असेल. नाही. डोरीन पायी येते.

जिन्यावर पावलं. तिचा हात आणखी घट्ट धरलाय. आई इथेच आहे, बाळा. कुठे जात नाही. गाडी हलवायला सांगू दे, आग लागू दे त्या गाडीला.

बेल वाजतेय. वाजू दे. या वेळी मी हात सोड